खडूची एकेचाळीस पानं

कान तपासायच्या केंद्रात मी बाहेरच्या टेबलावर बसायचे. नाव विचारायचं, वय लिहायचं, चिठ्ठी हातात द्यायची आणि "बसा, आत बोलावतील" म्हणायचं. आत बोलावायच्या त्या बीपबाई. हे नाव त्यांना कुणी ठेवलं कोण जाणे. मी नोकरीला लागले तेव्हाच ते जुनं होऊन गेलं होतं. तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की बीपबाई. त्यांना ते ठाऊक होतं. "कर्णपिशाच्च म्हणत नाहीत हे काय कमी आहे?" असं एकदा मलाच म्हणाल्या.

त्यांची खोली म्हणजे खोलीत खोली. आतली लहान खोली जाड फोमने मढवलेली, तिला एक काच. तपासायचा माणूस आत बसायचा, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. काचेच्या अलीकडे बाई आणि त्यांचं यंत्र. त्या एकेक आवाज सोडायच्या, जाड किंवा बारीक, मोठा किंवा अगदी पुसट. ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं. मग कागदावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या.

ऐकायला सोपं वाटतं, पण माणसं अंदाज बांधतात. ऐकू येत नाही म्हणायची लाज वाटते ना. आवाज दर तीन सेकंदांनी येतोय हे एकदा लक्षात आलं की कान राहतो बाजूला आणि अंगठाच मोजायला लागतो. म्हणून बाई मधलं अंतर सारखं बदलायच्या. कधी दोन सेकंद, कधी नऊ. नऊ सेकंदांच्या शांततेत ज्याचा अंगठा हलला तो सापडला. कामातून सुटका मिळवायला बहिरेपणाचं सोंग घेऊन येणारेही असायचे. त्यांच्यासाठी बाई यंत्र बंद करायच्या, फडक्याने काच पुसत पुसत अगदी हळू म्हणायच्या, "झालं तुमचं, उठा आता." आणि ठार बहिरा माणूस टुणकन उठायचा. आम्ही बाहेर तोंडावर रुमाल धरून बसायचो.

अशा या बाईंना घरी बोलायला कुणी नव्हतं. वय सत्तेचाळीस, लग्न केलं नाही. करायचं नव्हतं असं नाही, पण आईचं आजारपण लांबलं आणि त्यात वर्षं गेली, असं त्या सांगायच्या, तेही विचारलं तरच. आई गेल्यावर घरात दोघंच उरली, बाई आणि अकरा वर्षांनी धाकटा भाऊ. लहानपणी तो इतका काटकुळा आणि पांढराफटक होता की घरात त्याचं नाव खडू पडलं. पुढे तो चांगला दणकट झाला, पण नाव काही पुसलं गेलं नाही.

खडूला एकच नाद, मारामारीचे गेम. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर, दोघांच्या डोक्यावर आयुष्याची पट्टी, आणि ज्याची पट्टी आधी संपली तो आडवा. बाई मागच्या खुर्चीत बसून शिवण उसवत किंवा पेपर वाचत, आणि खडू पुढे सतरंजीवर मांडी घालून अनोळखी लोकांना बडवत. अशा कितीतरी संध्याकाळी. मग त्याला दूरदेशी नोकरी लागली, बाटल्या भरायच्या कारखान्यात, मशीनवर. जाताना त्याने गेमचं यंत्र बाईंसाठी ठेवलं.

"मला काय करायचंय ते?" बाई म्हणाल्या.

"दर रविवारी खेळू ना, ताई. फोनवर काय बोलायचं मला सुचत नाही. 'जेवलास का' झालं की संपलं. खेळता खेळता बोलू."

खेळताना दोघांच्या कानांवर हेडफोन, तोंडापुढे माइक, त्यामुळे बोलता येई. बाईंची दुपार तेव्हा खडूची सकाळ असे. पहिली दीड-दोन वर्षं बाई नुसत्या मार खात होत्या. "ताई, तू बटणं दाबत नाहीस, मळतेस," असं खडू म्हणायचा आणि दोघं हसायची. दहा डावांत दहा तो जिंकायचा. मधे मधे कारखान्याचं सांगायचा, नवीन फोरमनचं, खोलीतल्या गळक्या नळाचं. बाईंना जिंकण्या-हरण्याशी काही देणंघेणं नव्हतं. आठवड्यातून तास-दीड तास घरात माणसाचा आवाज असायचा, तेवढं पुरे होतं.

मग खडू उशिरा यायला लागला. "तुझ्याकडच्या सात वाजता ये," असं बाई आदल्या दिवशी फोनवर सांगायच्या आणि स्वारी उगवायची आठला. एकदा झालं, दोनदा झालं. तो तासभर बाई कंट्रोलर मांडीवर घेऊन पडद्यावर त्याचं नाव उमटायच्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसायच्या. विचारलं तर म्हणायचा, "वेळेवरच आलोय की." खेळतानाही बोलणं कमी झालं होतं. बाई काही सांगायच्या आणि तो "हं, हं" म्हणून सोडून द्यायचा.

"कंटाळलाय तो," डबा खाताना बाई मला म्हणाल्या. "बरोबर आहे त्याचंही. ओंडक्याला बडवून किती मजा येणार? मला जरा बरं खेळता आलं पाहिजे."

मी हसले. मला वाटलं, बोलण्यातलं बोलणं. पण बाईंनी खरंच मनावर घेतलं.

त्यांनी आधी लढवय्या बदलला. खडू त्यांना नेहमी एक चपळ, उड्या मारणारी पोरगी घ्यायला लावायचा. बाईंनी काठीवाला म्हातारा घेतला. सावकाश चालणारा, पण लांबून पोचणारा. "माझ्या बोटांना झेपेल असा," त्या म्हणाल्या. मग तीन आठवडे त्यांनी एकच गोष्ट केली. समोरच्याचा मोठा फटका हुकला की तो क्षणभर उघडा पडतो; त्या क्षणात एक ठरावीक उलट मार द्यायचा. गेममधल्या सरावाच्या खोलीत समोर बाहुला उभा करून रोज दोनशे वेळा. आधी शंभरातले तीस बसायचे, मग साठ, मग नव्वद. दुसरं काहीच शिकायचं नाही, असा त्यांचा हट्ट.

पुढे त्या अनोळखी लोकांशी खेळायला लागल्या आणि प्रत्येक डाव साठवून पुन्हा बघायला लागल्या. तिथे त्यांना ओळखीचं काहीतरी दिसलं.

"अगं, सगळे अंदाजानेच दाबतात," त्या मला उत्साहाने सांगत होत्या. डब्याचं झाकण हातातच राहिलं होतं. "अगदी आपल्याकडच्यासारखे. या खेळात बघ, मार रोखता येतो. पण रोखून बसलेल्याला पकडून आपटता येतं. आणि पकडायला पुढे आलेल्याला मारता येतं. म्हणजे प्रत्येकाला दर क्षणी तीनातलं एक निवडायचं असतं. आणि विचार करायला वेळ नसतो, म्हणून माणूस सवयीने निवडतो. आडवा पडून उठला की काय करतो, पहिला मार खाल्ला की काय करतो, पट्टी संपत आली की काय करतो. एवढं तीनच बघायचं. दोन डावांत माणूस कळतो."

त्यांनी वही केली. खरी नावं लिहायचा प्रश्न नव्हता. ती माणसं तिथे आकड्यांची आणि चित्रविचित्र नावं लावून यायची. बाई त्यांना स्वतःच एकेक नाव ठेवायच्या. एक होता टपालवाला, रोज त्याच वेळी यायचा आणि तोच तीन फटक्यांचा गठ्ठा टाकून जायचा. एक घाईगर्दी. एक सासूबाई, जी मागे मागे सरकत टोचून बोलल्यासारखी लांबून टोचत राहायची. घाईगर्दीच्या पानावर लिहिलं होतं: "दोन फटके रोखले की तिसऱ्याची वाट बघवत नाही, आधीच दाबतो. दोन मारून थांबायचं. तो दाबेल. मग द्यायची."

म्हणजे दोन सेकंद आणि नऊ सेकंद, तेच. बाई फटक्यांमधलं अंतर बदलायच्या आणि समोरच्याचा अंगठा फसायचा.

सहा महिन्यांनी तेवढ्याने भागेना. जिंकत जिंकत बाई गेमच्या वरच्या पायरीवर चढल्या होत्या आणि तिथले लोकही त्यांना वाचायला लागले. पडून उठल्यावर बाई हटकून रोखायच्या, हे एकाने हेरलं आणि दर वेळी पकडून आपटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मलाही सवय आहे ग. मला वाटत होतं ती फक्त दुसऱ्यांना असते." मग त्या आपल्या सवयीचाच उपयोग करायला शिकल्या. सुरुवातीला तीनदा मुद्दाम तेच करून दाखवायचं, मार खाऊनसुद्धा. समोरच्याची खात्री पटू द्यायची. चौथ्यांदा, जेव्हा खरंच गरज असेल तेव्हा, वेगळं करायचं. "पहिल्या तीन वेळी दुखतं," म्हणाल्या, "पण तेवढं सोसायचं."

या सगळ्या काळात रविवारी खडूशी खेळताना त्या यातलं काही बाहेर काढत नव्हत्या. वहीत मात्र त्याची पानं वाढत होती. आणि एका रविवारी त्यांनी त्याला हरवलं. दहापैकी चार डाव. पुढच्या रविवारी सहा.

"कुठे शिकलीस हे, ताई?" खडू ओरडला. खूश झाला होता. त्या दिवशी तो दोन तास थांबला. बाई सोमवारी कामावर आल्या त्या जवळजवळ गुणगुणत.

त्यानंतर दोन महिन्यांत बाईंच्या लक्षात काहीतरी आलं, आणि मग ते मनातून जाईना.

काठीवाल्या म्हाताऱ्याची एक युक्ती होती. काठी खांद्यामागे न्यायची. तिथून दोन मार निघतात. एक डोक्यावर, तो उभं राहून रोखायचा. एक पायांवर, तो खाली बसून. दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. डोळ्यांनी ओळखू येईपर्यंत उशीर झालेला असतो. फरक आवाजात. डोक्यावरच्या माराआधी म्हातारा जाड आवाजात हुंकारतो. पायांवरच्या माराआधी काठी बारीक शीळ घालते. चांगले खेळाडू कानावर खेळतात. खडू तर पूर्वी, घरी खेळताना, या युक्तीला हसायचा, दोन्ही मार झोपेत रोखायचा. आता पायांवरचा मार त्याला हटकून लागत होता.

"आधी मला वाटलं, मी सुधारले," बाई म्हणाल्या. "नंतर वाटलं, उभं राहून रोखायची सवय लागली असेल. म्हणून दुसरा लढवय्या घेऊन बघितला. त्याचं उलटं आहे. पायांवर मारायच्या आधी धप्प असा जाड आवाज, डोक्यावर मारायच्या आधी घुंगरू वाजतं. तिथे त्याने पायांवरचे सगळे रोखले. डोक्यावरचे खाल्ले."

मला पटकन कळलं नाही. बाईंनी माझ्या टेबलावरचा एक कोरा नकाशा ओढला, ज्यावर त्या गोल आणि फुल्या काढायच्या, आणि पेनाने उजवीकडच्या भागात, बारीक आवाजांच्या रेघेवर, एक खोल खड्डा काढला.

"कारखान्यातल्या आवाजाने जातात ते कान असे जातात. जाड आवाज शाबूत. बारीक तेवढे गेलेले. सेकंदाला चार हजार कंपनांच्या आवाजावर खड्डा. आपल्याकडे महिन्याला वीस येतात असे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्याला 'स' ऐकू येत नसणार. मी सात म्हणत होते. तो आठ ऐकत होता."

तरी बाईंनी खात्री करून घ्यायची ठरवली, आणि इथेच चूक झाली असं त्या पुढे स्वतःच म्हणायच्या. सरळ विचारता आलं असतं. पण त्यांनी केलं ते आयुष्यभर जे करत आल्या ते. त्या रविवारी खडूला म्हणाल्या, "माझ्याकडे खरखर येतेय, तू जरा दुसरे हेडफोन लाव." त्याने लावले, म्हणजे दोष हेडफोनचा असायचा प्रश्न मिटला. मग त्या तासाभरात बाईंनी त्याला वीस जाड आवाजाचे आणि वीस बारीक आवाजाचे मार दिले, दोन्ही लढवय्ये आलटून पालटून, मधलं अंतर बदलत, मांडीवरच्या वहीत खुणा करत. वीस जाडांपैकी अठरा रोखले. वीस बारकांपैकी तीन. त्या गडबडीत बाईंनी जिंकण्याकडे लक्षच दिलं नाही, डाव कोण जिंकतंय हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"आज बरी हरतेयस," खडू म्हणाला.

"खडू, तू कान तपासून घे."

"काय?"

"कान. तपासून घे. तुला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. मी आत्ता बघितलं. वीसपैकी तीन."

पडद्यावर त्याचा लढवय्या जागीच थांबला. "म्हणजे तू आत्ता माझी तपासणी करत होतीस?"

"अरे, तसं नाही..."

"आठवडाभर मशीनवर उभा असतो मी. फोरमन मागे उभा राहून माझे हात मोजतो. रविवारचा एक तास मी नुसता खेळायला येतो, ताई. आणि तूही काचेमागे बसलेली."

पडद्यावर त्याचं नाव विझलं.

पुढच्या रविवारी त्याच्याकडचे सात वाजले, आठ वाजले, तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. फोन केला तर "कामात आहे" असा दोन शब्दांचा संदेश. बाईंनी माफी मागणारे तीन संदेश लिहून खोडले, चौथा पाठवला. त्याला उत्तर आलं नाही. केंद्रात त्या नेहमीसारख्याच होत्या, पण डबा त्यांच्या खोलीतच खायला लागल्या. एकदा मी चिठ्ठी द्यायला गेले तर त्या आतल्या फोमच्या खोलीत तपासायच्या माणसाच्या खुर्चीत बसलेल्या, हेडफोन न लावता. "इथे शांत आहे," एवढंच म्हणाल्या. मला त्या आवाजाची भीती वाटली. मी चिठ्ठी ठेवली आणि बाहेर आले. बसायला हवं होतं, पण बाहेर सात माणसं वाट बघत होती.

साडेतीन महिन्यांनी खडूकडून एक फोटो आला. खाली अक्षर नाही. लाल गोल, निळ्या फुल्या. दोन्ही कानांत चार हजारावर खड्डा, बाईंनी पेनाने काढला होता त्याहून खोल. बाईंनी तो फोटो मला दाखवला. "बरोबर निघालं," म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे कळून फोन टेबलावर पालथा ठेवला. मग त्यांनी त्याला पानभर लिहिलं. कानात बोळे कोणते घालायचे, कसे पिळून घालायचे, कानाचं मशीन कसलं घ्यायचं, पहिले पंधरा दिवस भांड्यांचा आवाज नकोसा होईल, तरी काढायचं नाही. उत्तर आलं: "बरं."

वर्षभराने तो चार दिवसांच्या सुट्टीत आला. दोन्ही कानांमागे छोटी राखाडी यंत्रं, कानशिलावर तितकेच राखाडी केस. पहिल्या दिवशी दोघं कपाटं आवरत बसली, आईच्या साड्यांचं काय करायचं ते ठरवलं. खडू म्हणाला, "फ्रिज इतका बोलतो हे मला माहीतच नव्हतं." बाई हसल्या. सगळं ठीक होईल असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी बाई काहीतरी आणायला खाली गेल्या आणि परत आल्या तेव्हा खडू सतरंजीवर वही उघडून बसला होता. त्याची एकेचाळीस पानं होती. बाईंना ती पाठ होती. पडून उठला की उडी मारतो. हरत असला की डाव्या कोपऱ्यात जातो. कामाचा विषय निघाला की पुढचा फटका चुकतो. खोकला असला की रोखून बसतो. जिंकायला आला की घाई करत नाही, एक क्षण थांबतो, मला संधी देतो. हे मुद्दाम की सवय? शेवटच्या पानावर चाळीस खुणांची ती ओळ.

बाई दारातच उभ्या राहिल्या.

"एवढं कोणी बघितलेलं नाही माझ्याकडे," खडू म्हणाला. रागाने म्हणाला की कसं, हे बाईंना सांगता आलं नाही. मी नंतर दोनदा विचारलं, तरी नाही. मग त्याने वही मिटून शेल्फवर ठेवली. "चल, खेळू."

दोघं पहिल्यांदाच एका खोलीत, एका सतरंजीवर, खांद्याला खांदा लावून खेळली. बाईंनी म्हातारा घेतला, खडूने त्याचा नेहमीचा. पण बाईंना काही सुचेना. इतकी वर्षं पडद्यावरच्या त्या बाहुल्यावरून त्या खडूला ओळखत होत्या. आता तो शेजारी होता, त्याचा श्वास ऐकू येत होता, गुडघ्यावर नवीन जखमेचा व्रण दिसत होता, आणि नजर सारखी तिकडेच जात होती. कधी उडी मारेल, कधी थांबेल, एकही अंदाज लागेना. पहिला डाव गेला, दुसरा गेला. शीळ घालणारा मार त्याने सहज रोखला, आणि त्याचा आनंद करावा की पुढचा मार द्यावा यात बाईंनी तिसराही घालवला. दहापैकी नऊ डाव खडूने जिंकले.

खडूने कंट्रोलर खाली ठेवला. "मुद्दाम हरलीस."

"नाही रे."

"ताई, मी ओळखतो तुला. कीव नको करू."

"खरंच नाही. तू शेजारी बसलास की मला येत नाही खेळता."

तो हसला, पण न पटल्यासारखा. बाईंनी आणखी दोन वेळा सांगितलं, दुसऱ्या वेळी आवाज चढला, आणि मग खडू म्हणाला, "बरं, बरं. चहा करतो मी." दुसऱ्या दिवशी तो गेला. स्टेशनवर सामान वर चढवताना म्हणाला, "कानाचं सांगितलंस ते बरं केलंस हां." बाईंनी मान हलवली. गाडी सुटेपर्यंत दोघं हवेबद्दल बोलत राहिली.

आता ती दोघं एकाआड एक रविवारी फोनवर बोलतात. खडूला सगळं नीट ऐकू येतं. जेवलास का, हो, तू जेवलीस का, हो. नळ आता गळत नाही. फोरमन बदलला. खेळाचा विषय कुणीच काढत नाही, आणि सहा-सात मिनिटांत फोन संपतो.

माझी बदली दुसऱ्या केंद्रात झाली. मागच्या महिन्यात एका रविवारी मी बाईंकडे गेले होते. घर चकाचक, एकाच माणसाची भांडी ओट्यावर पालथी घातलेली. पडद्यावर म्हातारा उभा होता. वहीचं विचारलं तर म्हणाल्या, "बंद केली. कुणाचं लिहायचं नाही आता. लक्षात राहील तेवढं राहील."

"मग हरत असाल."

"हरते की. चांगल्या तीन पायऱ्या खाली आले." त्या थोड्या मिश्कील हसल्या. "परवा टपालवाल्याने सुद्धा बडवलं. त्याने चौथा फटका शिकून घेतलाय."

"आणि बाकी कुणाशी खेळता?"

"असतं कोणीतरी."

बोलता बोलता त्यांनी टीव्हीखालचा खण उघडला आणि दुसरा कंट्रोलर काढला, खडूचा. पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला. "बसतेस का? अवघड नाही काही. सुरुवातीला नुसतं रोखायचं."

मला पावणेपाचची बस होती. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की, मॅडम." त्या "हो, हो, उशीर होईल तुला" म्हणाल्या आणि दारापर्यंत सोडायला आल्या. कंट्रोलर हातातच होता.